तारांचे गणित मांडणारा शाळामास्तर : जॉर्ज ओहम



हुसेनसागराच्या काठी १९२० साली औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि हैदराबाद शहराला त्याची वीज मिळू लागली. ती वीज तारांतून ज्या नियमाने वाहत होती, तो नियम त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, जर्मनीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सापडला होता. शोधणारे गृहस्थ त्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम. या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न शिकलेल्या या माणसाने स्वतःच्या हिमतीवर गणिताचा अभ्यास केला आणि जॉर्ज व मार्टिन या दोन्ही मुलांना तो घरीच शिकवला. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. पुढे मार्टिनही नावाजलेले गणिती झाले.

विद्यापीठात गेल्यावर मात्र जॉर्ज यांचे लक्ष नाच, बिलियर्ड आणि बर्फावरच्या स्केटिंगकडे वळले. वडील संतापले. दीड वर्षातच विद्यापीठ सुटले आणि मुलगा स्वित्झर्लंडमध्ये गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. तिथे त्यांनी स्वतःचा अभ्यास नेटाने केला आणि १८११ मध्ये एर्लांगेनहूनच डॉक्टरेट मिळवली. १८१७ मध्ये कोलोन येथील शाळेत नोकरी लागली. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि वडिलांमुळे हत्यारे हाताळण्याची सवयही होती.

तारेची लांबी वाढवली की वीजप्रवाह किती कमी होतो, हा ओहम यांचा प्रश्न होता. १८२५ मध्ये त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले, पण त्यातले सूत्र बरोबर नव्हते. त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत असे, म्हणून आकडे फसवे येत. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे घेऊन एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. तापमानातला फरक कायम, म्हणून विजेचा दाबही कायम! मग सारख्या जाडीच्या, पण २ इंचांपासून सुमारे १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या. टांगलेली चुंबकसूची किती वळते त्यावरून प्रवाह मोजला. १८२६ मध्ये खरा नियम हाती आला आणि १८२७ मध्ये त्यावर पुस्तक निघाले.

आज आपण तो नियम असा मांडतो : तापमान बदलले नाही, तर धातूच्या तारेतला प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम. आणि दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, तिचे एकक वॅट.

घरच्या इस्त्रीचे उदाहरण घेऊ. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिले आहे. १००० भागिले २३० म्हणजे प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५ म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. आता उन्हाळ्यात दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला असे समजा. रोध जवळपास तोच राहतो, पण प्रवाह ३.८ अँपिअरपर्यंत घसरतो आणि शक्ती उरते सुमारे ७५६ वॅट. दाब तेरा टक्के कमी झाला, तर शक्ती जवळजवळ चोवीस टक्के कमी झाली. इस्त्री नीट का तापत नाही, ते आता कळले ना? पालकांनीही लक्षात ठेवावे : २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. त्याला ६ अँपिअरचा लहान सॉकेट चालणार नाही, १६ अँपिअरचाच हवा. बारीक वायर तापून आग लागू शकते.

इतक्या उपयोगाचा नियम देणाऱ्या ओहम यांना लगेच मान मिळाला नाही. विद्यापीठात प्राध्यापक होण्याची आशा फळाला आली नाही. पुस्तकाचे स्वागत थंडपणे झाले. निराश होऊन १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवून काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. म्युनिक विद्यापीठातले प्राध्यापकपद आले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. पुढे दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव जगभरासाठी मान्य झाले.

आम्हाला वाटते, ओहम यांचे मोठेपण त्या दुसऱ्या प्रयोगात आहे. छापून गेलेले सूत्रही त्यांनी पुन्हा तपासले आणि बदलले. मित्रांनो, प्रयोगवहीत आकडे जुळत नसतील, तर शेजारच्या वहीतून उतरवू नका. पुन्हा मोजा.