बारा लेकरांची आई लिलियन गिल्ब्रेथ

पायाने दाबले की झाकण उघडणारा केराचा डबा आज कितीतरी घरांत दिसतो. तो डबा आणि फ्रिजच्या दाराच्या आतले कप्पे ही ज्यांची कल्पना म्हणून सांगतात, त्या अमेरिकेतील लिलियन गिल्ब्रेथ यांची ही थोडक्यात हकिकत.

लिलियनबाईंचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे सुखवस्तू घरात झाला. मुलीने कॉलेजात जावे हे वडिलांना पसंत नव्हते. बाईंनी त्यांचे मन वळवले आणि १९०० साली पदवी मिळवली. १९०४ साली फ्रँक गिल्ब्रेथ यांच्याशी लग्न झाले. फ्रँक बांधकामाच्या धंद्यातले. गवंडी वीट रचतो तेव्हा त्याच्या किती हालचाली फुकट जातात, हे मोजून त्या कमी करण्याचा त्यांना नाद होता. दोघांनी मिळून कारखान्यांतून हेच काम केले. बाईंचे पहिले पुस्तक १९१४ साली निघाले, पण लेखिका स्त्री आहे हे कळू नये म्हणून त्यावर नावाची नुसती आद्याक्षरे छापली होती. पुढच्याच वर्षी, पदरात मुले असताना, त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यांना बारा अपत्ये झाली. एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने गेली. १४ जून १९२४ रोजी फ्रँकही अचानक वारले. तेव्हा थोरली मुलगी अठरा वर्षांची आणि धाकटी जेमतेम दोन वर्षांची होती. युरोपातील परिषदेला पतीने जायचे होते, तेथे थोड्याच दिवसांत बाई स्वतः गेल्या. परंतु कारखानदारांना बाईमाणसाचा सल्ला नको होता आणि जुनी कामे सुटत गेली.

तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे लक्ष वळवले. गंमत अशी, की बाईंचा स्वतःचा स्वयंपाकात फारसा हात नव्हता. घरी आधी सासूबाई होत्या, कामाला माणूस होता आणि मुलांनाही कामे वाटून दिलेली असत. १९२९ साली त्यांनी एक नमुन्याचे स्वयंपाकघर मांडले. शेगडी, ओटा, भांडी आणि सामान हाताशी येईल असे ठेवले, तेव्हा एका केकसाठी जिथे २८१ पावले चालावे लागे तिथे ४५ पावलांत काम झाले. ओट्याची उंची बाईच्या उंचीला जुळली पाहिजे, ओट्यासाठी बाईने वाकू नये, असा त्यांचा आग्रह असे. १९३५ साली त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. अकराही मुलांना त्यांनी कॉलेजचे शिक्षण दिले.

१९४५ साली महायुद्ध संपले. युद्धात कारखान्यांतून राबलेल्या अमेरिकन स्त्रियांना आता घरी जा असे सांगण्यात आले. शहराबाहेर नवी घरे उठली, धुण्याची यंत्रे आली. मासिकांतून आणि जाहिरातींतून हसतमुख, टापटीप गृहिणी दिसू लागली. यंत्रे आली तरी कामाचा पसारा आवरेना, कारण आता घर अधिक लख्ख आणि मुले अधिक नीटनेटकी असावीत अशी अपेक्षा वाढली. त्यात जिला हृदयविकार असेल किंवा जिचा हात अधू असेल, तिने काय करावे? सत्तरीला टेकलेल्या लिलियनबाईंनी न्यूयॉर्कमध्ये अशा गृहिणींसाठी स्वयंपाकघर आखण्यास मदत केली. तिथे बसून काम करता येई आणि ओणवे व्हावे लागत नसे. घरकाम हे खरे श्रमाचे काम आहे, त्याचा थकवा मोजला पाहिजे आणि घरच्या सगळ्यांनी ते वाटून घेतले पाहिजे, हे त्या शिकवीत राहिल्या.

याच काळात दोन मुलांनी घरच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली फार खपले आणि १९५० साली त्यावर चित्रपट निघाला. त्यामुळे जगाला बारा मुलांची आई ठाऊक झाली, आणि तिची इंजिनियरची विद्या मागे पडली. मानसन्मान पुढे मिळाले. १९६५ साली राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. २ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, दिवसभरात आपली किती पावले होतात हे घरात कोणी मोजत नाही. एखाद्या दिवशी आपणच मोजावी, आणि तो आकडा जेवताना सर्वांना सांगावा. पाने वाढून घ्यायला आणि ताटे उचलायला मग आणखी कोणी उठेल.