शाहू छत्रपती : जात्यभिमान आणि समता

जातीचा अभिमान समतेला पोषक ठरतो की मारक, या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने मिळणारे नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

१८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले महाराज १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १८९९ साली पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. त्याच्या लेखी छत्रपतीही शूद्रच होते. क्षत्रियत्वाचा अभिमान दुखावला गेला व वेदोक्ताचा वाद पेटला. परंतु नीट पाहता ही मागणी समतेची नव्हती. उतरंडीत आपली जागा वर असावी, एवढाच तिचा अर्थ होता. उतरंड कायमच राहणार होती.

महाराजांचे वेगळेपण असे की, ते तेथे थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, आणि त्या केवळ मराठ्यांसाठी नव्हत्या. मोजक्या पुढारलेल्या जाती वगळून बाकी साऱ्यांसाठी होत्या. सर्व जातींचे एकत्र वसतिगृह त्यांनी आधी काढून पाहिले होते. ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. म्हणून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी स्वतंत्र वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. यामुळे जातिभेद दृढ होतो, हा आक्षेप निराधार नाही. परंतु खेड्यातील गरीब मुलाला शहरात निवारा व दोन वेळचे अन्न मिळाल्याखेरीज शाळेचे दार उघडे असून नसल्यासारखेच होते. येथे जातीची आपुलकी हेच भांडवल ठरले.

पुढे १९१८ मध्ये महार वतन रद्द करून तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात राबविल्या जाणाऱ्या वेठीतून त्यांनी महारांना मोकळे केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः चहा घेत. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांच्या नेतृत्वाचा उघड गौरव केला. मात्र त्याच वर्षी मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूंचे पीठही त्यांनी स्थापिले. मानाची जुनी ओढ आणि समतेची नवी निष्ठा १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती.

या चरित्राचा निष्कर्ष स्पष्ट आहे. नाकारलेला मान मागणारा अभिमान न्याय्य असतो. पण तोच मान खालच्याला देण्यास तो तयार आहे काय, यावर त्याची परीक्षा होते. शाहू छत्रपती त्या परीक्षेस बसले. त्यांच्या नावाने जातीचे मेळावे भरविणाऱ्यांनी आपापल्या अभिमानाला हाच प्रश्न विचारावयास हवा.