वि. स. पागे : मजूर आणि सरकार यांचा करार घडवणारा माणूस



शिवारातून फिरताना एखादा पाझर तलाव दिसतो, ओढ्यावर मातीचा नालाबांध दिसतो, दोन वाड्यांना जोडणारा मुरमाचा रस्ता लागतो. हे काम कधीचं, असं एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, की हमीतलं. गावात रोजगार हमी योजना असं पूर्ण नाव कोणी घेत नाही. हमीवर जातो, हमीचं काम निघालं, एवढंच बोललं जातं. पण ही हमी कोणाच्या डोक्यातून निघाली, असं विचारलं तर पाराखालची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मीही कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलो तेव्हा मला हे नाव माहीत नव्हतं. म्हणून आज थोडं विठ्ठल सखाराम पागे यांच्याविषयी.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले विसापूर ही त्यांची कर्मभूमी. (मावळातल्या विसापूर किल्ल्याशी घोळ करू नका, हे विसापूर वेगळे.) शिक्षण वकिलीचे झाले होते, स्वातंत्र्याच्या चळवळीत ते उतरले होते, आणि ओढा गांधी-विनोबांच्या विचाराकडे व संतवाङ्मयाकडे होता. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि पागे विधान परिषदेचे सभापती झाले. त्या खुर्चीवर ते १९७८ पर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षे होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सभापती म्हणजे मंत्री नव्हे. त्याच्या हाताखाली बांधकाम खाते नसते, महसूल खाते नसते, एका तलाठ्यालाही तो थेट हुकूम देऊ शकत नाही. पागे यांच्याजवळ होती ती एक कल्पना आणि ती पुन्हा पुन्हा सांगण्याची चिकाटी.

कल्पना काय होती ते कळायला आधीची पद्धत माहीत पाहिजे. इंग्रजांच्या काळापासून दुष्काळी कामे काढण्याची रीत होती. पाऊस गेला, पीक बुडाले, की आणेवारी काढायची. ती ठरावीक आकड्याच्या खाली आली तर सरकार टंचाई जाहीर करणार, मग खडी फोडण्याचे किंवा माती टाकण्याचे काम निघणार. आणेवारी जरा वर राहिली तर टंचाई नाही आणि कामही नाही. मजुराच्या घरात दाणा आहे की नाही, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच येत नव्हता. काम कधी सुरू व्हायचे आणि कधी बंद पडायचे, दोन्ही वरून ठरायचे.

पागे यांनी ही गाडी उलटी फिरवायचे ठरवले. मजुराने काम मागितले, हीच टंचाईची खूण धरा, असे त्यांचे म्हणणे होते. जो उन्हातान्हात माती उपसायला तयार आहे त्याला गरज आहे, याचा वेगळा दाखला कशाला? आणि कोरडवाहू भागात ही गरज दुष्काळापुरती नसते. सुगी सरली की मृग येईपर्यंत भूमिहीनाच्या आणि दोन-चार एकरांच्या धन्याच्याही हाताला काम नसते. ते रिकामे दिवस गावाच्याच जमिनीवर आणि पाण्यावर खर्ची पडले तर मजुराची चूल पेटेल आणि शेताचेही भले होईल, हा हिशेब.

१९६५ साली त्यांनी हा विचार मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. त्याआधी पागे यांनी घरची शेती सांभाळणाऱ्या आपल्या पत्नीलाच हिशेब विचारला होता, अशी गोष्ट सांगतात. हाती अमुक रक्कम दिली तर आपल्या रानात किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, एवढाच प्रश्न. शेतीचा खरा हिशेब कुणाला ठाऊक असतो हे त्या माणसाला कळत होते, म्हणून मला ही गोष्ट आवडते. पुढे तासगाव तालुक्यातच, विसापूरच्या परिसरात, या कल्पनेचा प्रयोग झाला. नाईक स्वतः शेतीतले जाणकार होते, त्यांना ती पटली. मे १९७२ मध्ये योजना राज्यभरासाठी जाहीर झाली.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

बहात्तरचा दुष्काळ मी पाहिलेला नाही, माझ्या आजीने पाहिला. सुकडी आणि तांबडी मिलो यांचं नाव काढलं तरी ती गप्प व्हायची. नवी योजना बाजूला ठेवून सरकारने पूर्वीच्याच पद्धतीने टंचाईची कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात त्या कामांवर राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे होती. एवढी माणसे घरदार सोडून न पळता आपल्याच मुलखात कामावर उभी राहू शकतात, हे त्या दोन वर्षांनी दाखवले. दुष्काळ ओसरल्यावर १९७४ पासून हमी पुन्हा सुरू झाली. पैशाची सोय म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापला जाऊ लागला, बागायत जमिनीवरही आकार बसला, आणि जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची असे ठरले. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या पगारातले काही रुपये आपल्या पाझर तलावाच्या मातीत पडले आहेत, ते असे.

पण पागे यांचे समाधान योजनेवर नव्हते. योजना सरकारच्या मर्जीवर चालते, सरकार बदलले की बारगळते. त्यांना कायदा पाहिजे होता. महाराष्ट्र रोजगार हमी कायदा १९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. पागे तेव्हा परिषदेच्या सभापतिपदावर होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

मंडळी, हा कायदा म्हणजे मजूर आणि सरकार यांच्यातला करारच होता. मजुराने अर्ज द्यायचा, पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर बेकारी भत्ता द्यायचा, निदान दिवसाला एक रुपया. रक्कम लहान होती, पण भत्ता दिला म्हणजे काम पुरवता आले नाही अशी कबुली कागदावर येते, म्हणून ती अधिकाऱ्यांना बोचायची. मजुरावरही बंधने होती. सलग तीस दिवस काम करायची तयारी पाहिजे, हेच काम पाहिजे असा हट्ट चालणार नाही, शक्यतो पंचायत समितीच्या हद्दीत पण वेळ पडली तर जिल्ह्यात कुठेही जावे लागेल. खर्चातला साठ टक्के वाटा अकुशल मजुरीवर गेला पाहिजे. कंत्राटदार नको, खात्याने स्वतः काम करून घ्यायचे. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लेकुरवाळ्या बायांच्या पोरांना सांभाळायची सोय. बाई आणि बाप्या यांना एकच दर.

कंत्राटदार का नको, हे सरपंच मंडळींना सांगायला नको. कंत्राटदार आला की त्याला काम लवकर उरकायचे असते, त्याला यंत्र परवडते, किंवा बाहेरची स्वस्त टोळी परवडते. रस्ता होतो, पण ज्याच्यासाठी रस्ता काढला तो मजूर रस्त्याच्या कडेला उभा राहून बघतो. सरकारी बांधकामात मजुराच्या अटी आधी लिहायच्या आणि मग आराखडा करायचा, ही पागे यांच्या कायद्यातली नवी गोष्ट होती. त्यासाठीच कामांचे आराखडे आधी मंजूर करून तयार ठेवायचे, म्हणजे मागणी आली की शोधाशोध नको. सरकारी भाषेत ती शेल्फवरची कामे.

आता मजुरीचे बघा. रोजंदारी नाही, मोजून काम. मध्यम ताकदीच्या माणसाने दिवसभर काम केले तर किमान वेतन सुटेल, असे दर बांधायचे. ऐकायला सोपे वाटते. पण साध्या मातीचा दर वेगळा, मऊ मुरमाचा वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा. माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली यावर पुन्हा वाढ. मजूर पहारीने कठीण मुरूम फोडतो आणि मोजमाप पुस्तिकेत मऊ मुरूम लिहिला जातो. एका शब्दाने आठवड्याची मजुरी कमी होते, आणि ज्याची होते त्याला ती पुस्तिका वाचता येत नाही. बोगस हजेरीची प्रकरणे पेपरात आली, लोकांना कळली. ही मुरमाची चोरी मात्र फारशी कुणाच्या नजरेत आली नाही.

माझ्याही हातून एक चूक झाली आहे, ती सांगतो. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात फळबागेचे खड्डे घेण्याचे काम माझ्याकडे होते. मी प्रशिक्षणाला गेलो, येईपर्यंत मोजमाप राहिले. आठ दिवसांनी व्हायची नोंद पंचवीस दिवसांनी झाली, पगार आणखी लांबला. परत आलो तेव्हा एक मावशी म्हणाल्या काहीच नाहीत. नुसतं माझ्या टेपकडे बघितलं. किराणा दुकानदाराने त्यांची उधारी बंद केली होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

दुसरा एक प्रसंग. एका गावात मजूर सांगत होते, दोन महिन्यांपासून काम मागतोय. ग्रामसेवक म्हणत होते, माझ्याकडे एकही मागणी नाही. (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले, आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच.) दोघेही खरे बोलत होते! मजुरांनी चावडीवर, लग्नात, बाजारात तोंडी विचारले होते, आणि अर्ज लिहून घ्यावा असे कुणालाच वाटले नव्हते. अर्ज नाही म्हणून पोच नाही, पोच नाही म्हणून तारीख नाही. पंधरा दिवस मोजायचे कुठून? अख्खा करार त्या एका तारखेवर टेकलेला आहे, आणि ती तारीख घालणारा हात गावातलाच आहे. पोच दिली की जबाबदारी अंगावर येते, म्हणून ती टाळण्याकडे कल असतो. मी स्वतः सरकारी नोकर आहे, हा कल मला अनोळखी नाही.

शेतकरी बंधूंनो, तुमची तक्रारही मला ठाऊक आहे. हमीचे काम निघाले की रानात गडीमाणूस मिळत नाही. ज्याचा ऊस तोडायचा राहिला, कांदा काढायचा राहिला, त्याचा जीव खालीवर होणारच. पण पागे शेतकऱ्याचे वैरी नव्हते, शेतीच्याच अंगाने त्यांनी ही मांडणी केली होती. कामे रिकाम्या हंगामात काढायची, बांधबंदिस्ती आणि पाण्याची काढायची, म्हणजे शेतातच काम वाढून हमीची गरज आपोआप उतरेल, असा त्यांचा अंदाज होता. जिथे कामे नेटकी झाली तिथे विहिरींना पाणी वाढलेले आपण पाहतो. जिथे नुसते मुरमाचे रस्ते दरवर्षी तेच ते झाले, तिथे तक्रार उरली. माझ्या मते दोष वेळापत्रकाचा आणि कामे निवडणाऱ्यांचा आहे. आराखड्याच्या ग्रामसभेला बागायतदार फिरकत नाहीत आणि मग मार्चमध्ये रागावतात, हेही खरे.

सभापतिपद सुटल्यावरही पागे हमीच्या पाठीशी राहिले. १६ मार्च १९९० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. छोट्या शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे घ्यायचे, कलमे लावायची, पाणी घालायचे, आणि त्याची मजुरी हमीतून मिळायची. कोकणातले आंबा-काजू, मराठवाड्यातली बोरे आणि सीताफळे, डोंगरउतारावरचे आवळे या योजनेतून किती लागले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मजूर आणि शेतकरी एकाच माणसात दिसावेत, ही पागे यांच्या मनातली गोष्ट तिथे सर्वांत जवळ आली, पण ती बघायला ते नव्हते.

२००५ साली केंद्राने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. तो २ फेब्रुवारी २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. त्यात कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा होती. आपल्या १९७७ च्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नसून प्रत्येक प्रौढ माणसाचा होता.

मुंबईत विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव आहे. आमदार मंडळी तिथे कामकाज शिकायला जातात. गावात मात्र नाव हमीचेच राहिले. गेल्या उन्हाळ्यात एका नालाबांधाच्या भरावावर बसलेल्या आजोबांना मी पागे यांचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितले, मग भरावातला एक दगड दाखवला. हा मी लावलेला, म्हणाले, आणि हा कठीण मुरमात होता, साध्या मातीत नव्हता.