तेवीस चातुर्मास, सगळे पायी

मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ च्या श्रावण वद्य पंचमीला, सावंतवाडी संस्थानातल्या माणगावी प. पू. श्री वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी महाराज, जन्मले. देशभर रूळ पडत होते त्याच काळात महाराजांनी हिमालयापासून तंजावरपर्यंतचा मुलूख पायांनी मोजला. मला हे फार मोठं वाटतं. आम्ही आयुष्यभर एल.टी.सी.चे अर्ज भरून यात्रा केल्या!

घरची गरिबी, वडील गणेशपंत दत्तभक्त. आजोबा हरिभटांनी शिकवलं. लहानपणीच वेद, ज्योतिष पाठ झालं. पुढे लग्न झालं, पण ओढ वाडीची. माणगावहून नृसिंहवाडी काय जवळ आहे? घाट चढून चालत जायचे. १८८३ साली माणगावात त्यांनी दत्तमंदिर उभं केलं. लोटच्या लोट लोक यायला लागले. येईल ते अन्नदानात जायचं, शिल्लक शून्य. सात वर्षांनी देवाची आज्ञा झाली आणि ते बायकोला घेऊन गाव सोडून निघाले. जमलेला बाडबिस्तरा असा सोडवतो का कुणाला? मला तर निवृत्तीनंतर टेबलाचा खण रिकामा करतानाही जड गेलं होतं.

१८९१ साली गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. महाराजांनी तेरा दिवसांचं सगळं यथासांग केलं आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. वय छत्तीस. दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही. बरोबर चालणारं माणूस वाटेत राहिलं की काय होतं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. महाराज पुढे चालू लागले.

दंड उज्जैनीला मिळाला, पहिला चातुर्मासही तिथेच झाला. नंतर ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, नरसी, तंजावर, वैनगंगेकाठचं पवनी, कुरवपूर. चार महिने एका जागी, बाकीचे आठ महिने वाट. वाहन नाही, पैशाला हात नाही, भिक्षा मिळेल ती. त्यात संग्रहणीचं जुनं दुखणं. पोट बिघडलेलं असताना मैलोन् मैल चालणं म्हणजे काय, हे साठी उलटलेल्यांना वेगळं सांगायला नको. तरी स्नान, संध्या, दंडतर्पण चुकलं नाही. याच वाटचालीत त्यांनी दत्तपुराण लिहिलं, स्तोत्रं रचली. कुरवपूरचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र तर आपण घरोघरी म्हणतो. आपली रोजची करुणात्रिपदीही त्यांचीच.

तेविसावा चातुर्मास १९१३ साली नर्मदेकाठी गरुडेश्वरला झाला. तिथून मात्र ते पुढे निघाले नाहीत. १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला तिथेच देह ठेवला. पुढचा चातुर्मास लागायला तेव्हा काहीच दिवस उरले होते.