दृष्टिपटलाचे उपासक डॉ. ज्यूल गोनँ

आपल्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो, ते डॉ. ज्यूल गोनँ आपल्या ज्ञातीचे नव्हत आणि आपल्या देशाचेही नव्हत. तरीही ही निवड आम्ही बुद्ध्याच केली आहे. आपल्या घरांतील पुष्कळ मुलेमुली आज वैद्यकाकडे वळत आहेत. परंतु डॉक्टर झालेल्या मुलाने प्रयोगशाळेत बसण्याची इच्छा दर्शविली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. दवाखाना हा प्रपंच आणि संशोधन ही हौस, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. ती किती अपुरी आहे, हे या चरित्रावरून ध्यानी यावे.

डोळ्याच्या आतील बाजूस, मागच्या भिंतीवर, प्रकाश टिपणारा एक अतिशय नाजूक पापुद्रा असतो. त्यास दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. त्याच्या पाठीशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या थरातून त्यास पोषण मिळते. जुन्या भिंतीचा गिलावा सुटावा तसे हे पटल सुटले, म्हणजे पोषण तुटते व दृष्टी मावळू लागते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा अंतर्भाग दाखविणारे यंत्र सिद्ध केल्यापासून हा विकार डॉक्टरांना दिसू लागला. पण बरा करता येईना. रोग्यास आठवडेच्या आठवडे उताणे निजवावे, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधाव्या, घाम आणणारी औषधे द्यावी, असे उपचार चालत. विसाव्या शतकाच्या आरंभी हजारांत एखादाच रोगी बरा होई, असा जाणत्यांचा हिशेब होता.

डॉ. गोनँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८७० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान नगरात झाला. तेथेच त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि तेथील अंधाश्रमाशी जोडलेल्या नेत्ररुग्णालयात प्रा. मार्क द्यूफूर यांच्या हाताखाली ते काम करू लागले. रोगाने शरीराच्या घडणीत कोणते पालट होतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा अभ्यास त्यांनी आधीच केला होता. पुढे फ्रेंच नेत्रवैद्यकाच्या एका बृहत् कोशासाठी दृष्टिपटलाच्या विकारांवर लिहिण्याचे काम गुरूंकडे आले, तेव्हा त्यात त्यांनी या शिष्यास सहभागी करून घेतले. तो भाग १९०६ साली प्रसिद्ध झाला. या निमित्ताने विकाराने गेलेल्या डोळ्यांचे पातळ छेद करून ते गोनँ यांनी चिकाटीने तपासले.

त्यांतून जे उमगले ते त्यांनी १९०४ सालीच मांडले होते. डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा पारदर्शक, दाट रस भरलेला असतो. तो आकसतो, तेव्हा दृष्टिपटलास जेथे चिकटलेला असेल तेथे ओढ बसून पटल फाटते. मग त्या छिद्रातून पातळ द्रव पटलामागे शिरतो व त्यास उचलून धरतो. अशी छिद्रे यापूर्वी इतरांनीही पाहिली होती. जर्मनीतील लेबर यांनीही त्यांचे महत्त्व सांगितले होते. परंतु छिद्र हा पटल सुटल्याचा परिणाम आहे, कारण नव्हे, असेच बहुतेकांचे मत होते. गोनँ यांनी छिद्रासच कारण मानले. आणि कारण छिद्र असेल, तर ते बुजविणे हाच उपाय, हे ओघानेच आले.

सांगावयास सोपे, पण करावयास महाकठीण असे हे काम होते. छिद्र बहुधा लहान, डोळ्याच्या कडेस आणि पटलाच्या घड्यांत लपलेले असे. गोनँ बाहुली विस्फारून पुनःपुन्हा तपासणी करीत, आढळलेल्या छिद्राचा नकाशा काढीत आणि बुबुळाच्या कडेपासून त्याची दिशा व अंतर मोजून तेच स्थान डोळ्याच्या बाह्यावरणावर निश्चित करीत. तेथे बारीक छेद घेऊन, साचलेला द्रव वाहू देऊन, तापविलेल्या शलाकेने ते क्षणभर डाग देत. जखम भरताना जो व्रण होई, त्यातच छिद्र बुजून पटल पूर्ववत् चिकटे.

१९१९-२० च्या सुमारास त्यांनी आपले अनुभव सहव्यावसायिकांपुढे ठेवले, तेव्हा स्वागताऐवजी अविश्वासच वाट्यास आला. जिवंत डोळ्यास आग लावणे अनेकांस भयंकर वाटले. काहींनी छिद्राचा नेमका शोध न घेताच ही कृती करून पाहिली आणि अपयश आल्यावर दोष पद्धतीच्या माथी मारला. गोनँ वादात रमले नाहीत. १९२० साली ते लोझान येथे प्राध्यापक झाले होते; रोग्यांमागून रोगी तपासून यशापयशाची नोंद ते करीत राहिले. १९२९ साली ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेत निम्म्या रोग्यांची दृष्टी वाचल्याचे पुराव्यानिशी दिसून आले, आणि मग देशोदेशीचे शल्यविशारद ही विद्या शिकण्यास लोझानची वाट धरू लागले. १९३४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला; १९३५ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांचे शिष्य मार्क आम्सलर यांच्या नावाचा चौकटींचा कागद आजही नेत्ररोग्यांपुढे ठेवला जातो. लोझानच्या त्या रुग्णालयास पुढे गोनँ यांचेच नाव देण्यात आले.

पुढे डागणीची जागा विद्युत्, शीत व लेसर किरण यांनी घेतली. १९७० नंतर अमेरिकेत मॅकेमर यांनी काचरस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आज दहांतील आठनऊ रोग्यांचे पटल पुन्हा बसविता येते. साधने पालटली; पण छिद्र शोधावे व ते बुजवावे, हे गोनँ यांचे सूत्र पालटले नाही.

येथे वाचकांस एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. डोळ्यांपुढे अकस्मात् विजेसारखे लखलखणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे किंवा एका बाजूने पडदा सरकत येणे, ही पटल फाटल्याची वा सुटल्याची चिन्हे असू शकतात. ज्यांच्या चष्म्याचा उणे अंक मोठा आहे, त्यांनी अधिक सावध असावे. या विकारात डोळा दुखत नाही, म्हणून मोतीबिंदू समजून घरी बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

गोनँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घालविलेली वर्षे कोणास त्या वेळी वाया गेलेली वाटली असतील. पण ती नसती, तर त्यांच्या हातातील शलाकेस कोठे टेकावे हे कळले नसते. आपल्या ज्ञातीतील एखाद्या मुलाने वा मुलीने रुग्णसेवेबरोबर संशोधनाचाही ध्यास घेतला, तर तिच्या किंवा त्याच्या पाठीशी घरच्यांनी उभे राहावे आणि ज्ञातीच्या शिष्यवृत्तीचा हातही तेथवर पोहोचावा, एवढेच मागणे आम्ही या चरित्राच्या निमित्ताने करीत आहो.