मास्टर दीनानाथ मंगेशकर



लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी आपल्याच प्रदेशात, इंदूरला झाला, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्यांचे वडील व पहिले गुरू मास्टर दीनानाथ यांची माहिती नव्या पिढीला फारशी नसते. म्हणून या अंकात आम्ही त्यांचा परिचय देत आहोत.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी या गावी झाला. गावाच्या नावावरूनच त्यांनी मंगेशकर हे आडनाव घेतले. लहानपणी ते बाबा माशेलकरांकडे गाणे शिकले, पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. कोवळ्या वयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्या काळी सिनेमाची गाणी नव्हती. नाटकातली पदेच घरोघरी गायली जात. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मध्ये दीनानाथ लतिका झाले. बालगंधर्वांचे गाणे गोड व लडिवाळ, तर दीनानाथांचे गाणे तेजस्वी, चपळ तानांचे. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ (१९२७) व सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ही नाटके रंगभूमीवर आणून त्यांनी परकीय सत्तेच्या काळात स्वातंत्र्याची भावना जागविली.

मात्र १९३१ साली बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे प्रेक्षक घटू लागले. दीनानाथांनीही चित्रपटात उडी घेतली. १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला, पण त्यात मोठे नुकसान झाले. कंपनी बुडाली, वैभव गेले, प्रकृती खालावली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व पाच मुले होती. थोरली लता साडेबारा वर्षांची होती आणि घर चालविण्याचा भार तिच्यावर आला.

मुलांसाठी त्यांनी धन ठेवले नाही, विद्या मात्र ठेवली. लतादीदी सांगत असत की, एका शिष्याची चूक छोट्या लताने दुरुस्त केली, ती वडिलांनी ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे तिला तंबोरा घेऊन शिकावयास बसविले. याच शिदोरीवर पुढे सारे कुटुंब उभे राहिले. त्याच लतादीदींच्या नावाने मध्य प्रदेश शासनाने १९८४ पासून संगीताचा राष्ट्रीय सन्मान सुरू केला.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलांना शाळेत, शिकवणीला अवश्य पाठवा, पण आपल्याला येणारी एखादी गोष्ट, मग ते गाणे असो, हिशेब असो वा मराठी वाचन, स्वतः जवळ बसवून शिकवा. पैसा येतो-जातो, घरी मिळालेली विद्या कोणी हिरावून घेऊ शकत नाही.