जॉन पिम : अर्ज, जाहीरनामा आणि यादवी

प्रास्ताविक

अर्ज आणि जाहीरनामा हे दोन्ही शब्द तुमच्या रोजच्या परिचयाचे आहेत. अर्ज खालून वर जातो. तो ऐकणारा कोणीतरी आहे, हे अर्ज करणाऱ्याने गृहीत धरलेले असते. जाहीरनामा वरून खाली येतो. त्यात मागणे नसते, सांगणे असते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत छापखान्याच्या साहाय्याने या दोन कागदांतील अंतर कसे पुसले गेले, हे समजण्यासाठी संसदेचा नेता जॉन पिम याचे चरित्र उपयोगी पडते. ते वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा. लोकांच्या नावाने छापलेला कागद लोकांचा आवाज केव्हा असतो आणि केव्हा नसतो?

घडण

पिमचा जन्म १५८४ मध्ये सॉमरसेट परगण्यातील ब्रायमोर येथे झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले. आईने कॉर्नवॉलमधील सर अँथनी राउस यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पिम त्या कडव्या प्युरिटन घरात वाढला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यावर त्याने लंडनच्या मिडल टेंपलमध्ये कायद्याचा अभ्यास केला. पुढे राजाच्या जमिनींचा महसूल गोळा करणारा अधिकारी म्हणून त्याने अनेक वर्षे काम केले. १६२० मध्ये पत्नीचे निधन झाले. त्याने पुन्हा विवाह केला नाही.

१६२१ पासून तो संसदेत सतत दिसू लागला. त्याच्यापाशी मोठी जमीनदारी नव्हती, उमरावाचा किताब नव्हता आणि श्रोत्यांना भारून टाकणारे वक्तृत्वही नव्हते. होती ती हिशेबनिसाची शिस्त. तक्रारी गोळा करणे, त्यांची वर्गवारी लावणे आणि त्या क्रमाने मांडून त्यांतून एक कारण दाखवून देणे, ही त्याची पद्धत होती. राजाचे दुष्ट सल्लागार आणि कॅथलिक पंथाचे हस्तक मिळून इंग्लंडचा धर्म व कायदा बुडवीत आहेत, अशी त्याची खोल समजूत होती. ही समजूत त्याचे बळ होती, तशीच ती त्याची मर्यादाही होती.

अकरा वर्षांचे मौन

पहिल्या चार्ल्सने १६२९ मध्ये संसद बरखास्त केली आणि पुढील अकरा वर्षे तिच्यावाचून राज्य केले. या काळात पिम प्रॉव्हिडन्स आयलंड कंपनीचा खजिनदार होता. कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर वसाहत वसवणे हा कंपनीचा उद्देश होता. तिच्या निमित्ताने राजाच्या धोरणावर असंतुष्ट असलेले अनेक उमराव आणि जमीनदार एकत्र येत, आणि पुढील राजकारणात तेच पिमचे सहकारी झाले.

याच काळात मुद्रणावर कडक बंधने होती. स्टार चेंबर या राजसत्तेच्या न्यायालयाने १६३७ मध्ये हुकूम काढून लंडनमधील मुख्य मुद्रकांची संख्या वीसवर आणली. परवान्यावाचून छापणे हा गुन्हा होता. त्याच वर्षी विल्यम प्रिन, हेन्री बर्टन आणि जॉन बॅस्टविक या तिघांचे कान धर्माधिकाऱ्यांवर टीका करणाऱ्या लिखाणासाठी भर चौकात कापण्यात आले. राज्यकारभाराच्या गोष्टी सामान्य माणसाने बोलू नयेत, ही केवळ राजाची इच्छा नव्हती. संसदेचे कामकाजही गुप्तच मानले जाई. सभागृहातील भाषण बाहेर सांगणे हा सभासदाचा अपराध ठरत असे. पुढील घटनांचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी ही पार्श्वभूमी विसरू नका.

अर्जांची गर्दी

स्कॉटलंडशी झालेल्या युद्धामुळे पैशाची निकड निर्माण झाली आणि चार्ल्सला १६४० मध्ये संसद बोलवावी लागली. १७ एप्रिल रोजी पिमने सुमारे दोन तास भाषण करून अकरा वर्षांच्या गाऱ्हाण्यांची यादीच सभागृहापुढे ठेवली. ती संसद तीन आठवड्यांतच बरखास्त झाली. ऑगस्टमध्ये बारा उमरावांनी नवी संसद बोलवण्याची विनंती करणारा अर्ज राजाकडे पाठवला. त्याच्या मसुद्यात पिमचा हात होता. अर्ज राजाच्या नावे असला तरी त्याच्या प्रती सर्वदूर फिरल्या. ज्याच्या नावे लिहायचे त्याच्याखेरीज इतरांनीही वाचावे, हा विचार येथे प्रथम डोकावतो.

३ नोव्हेंबर १६४० रोजी जी संसद भरली, ती इतिहासात दीर्घ संसद म्हणून ओळखली जाते. तिच्या दाराशी अर्जांची रीघ लागली. ११ डिसेंबर रोजी लंडनच्या नागरिकांनी बिशपांची सत्ता मुळापासून उखडावी, असा अर्ज दिला. त्यावर सुमारे १५,००० सह्या होत्या. राजाचा मुख्य सल्लागार स्ट्रॅफर्ड याच्यावरील खटला पिमने चालवला आणि मे १६४१ मध्ये स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात धर्म, राजा आणि संसदेचे हक्क यांच्या रक्षणाची शपथ तयार करून ती छापण्यात आली आणि परगण्यापरगण्यांत पाठवण्यात आली. जुलैमध्ये स्टार चेंबर रद्द झाले. छापखान्यांवरील धाक त्याबरोबर उडाला. पत्रके, भाषणे, अर्ज, खऱ्या-खोट्या बातम्या यांचा बाजार भरला. जॉर्ज थॉमसन नावाचा लंडनचा पुस्तकविक्रेता १६४० पासून असे कागद जमवू लागला. वीस वर्षांत त्याच्यापाशी सुमारे २२,००० छापील वस्तू जमल्या. त्यांतूनच आज आपल्याला त्या काळाचा गलका ऐकू येतो.

महातक्रारपत्र

ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये बंड झाले. तेथील अत्याचारांच्या अतिरंजित कहाण्या लंडनमध्ये छापून विकल्या जाऊ लागल्या. बंड मोडण्यासाठी सैन्य हवे होते. पण ते सैन्य राजाच्या हाती द्यायचे की संसदेच्या, हा खरा पेच होता. राजावर विश्वास ठेवता येत नाही, हे देशाला पटवून द्यावे म्हणून पिम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी महातक्रारपत्र तयार केले. त्यात २०४ कलमे होती आणि चार्ल्सच्या राज्यारोहणापासूनचा सारा कारभार त्यात आरोपांच्या रूपाने मांडलेला होता.

२२ नोव्हेंबर रोजी सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. पत्र १५९ विरुद्ध १४८, म्हणजे अवघ्या ११ मतांनी संमत झाले. खरा भडका त्यानंतर उडाला, आणि तो पत्र छापण्याच्या प्रश्नावरून. विरोधकांनी निषेध नोंदवण्याचा हट्ट धरताच मेणबत्त्यांच्या उजेडात सभासदांचे हात तलवारींकडे गेले. हॅम्पडेनने शांतपणे मध्ये पडून प्रसंग निभावला.

हा वाद नीट समजून घ्या. एडवर्ड हाइड किंवा सर एडवर्ड डेरिंग यांच्यासारखे विरोधक राजाचे आंधळे भक्त नव्हते. स्ट्रॅफर्ड आणि स्टार चेंबर यांच्याविरुद्ध तेही उभे राहिले होते. संसदेने राजापुढे गाऱ्हाणे मांडावे, हे त्यांना मान्य होते. राजाला उद्देशून लिहिलेले गाऱ्हाणे प्रजेला वाचायला देणे त्यांना मान्य नव्हते. तसे केले की अर्ज हा अर्ज राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पिमचे म्हणणे असे की, राजा ऐकत नसेल तर संसदेला ज्यांनी निवडले त्यांना सत्य कळलेच पाहिजे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. १ डिसेंबरला पत्र राजाच्या हाती देण्यात आले. आपले उत्तर येईपर्यंत ते प्रसिद्ध करू नये, अशी राजाची इच्छा होती. १५ डिसेंबरला सभागृहाने ते छापण्याचा ठराव केला. राजाचे उत्तरही छापूनच आले. त्याचा लेखक हाइड होता.

पाच सभासद आणि दारातील स्त्रिया

४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स सशस्त्र शिपाई घेऊन पिम, हॅम्पडेन आणि आणखी तिघांना पकडण्यासाठी सभागृहात आला. सुगावा लागल्यामुळे पाचही जण नदीमार्गे शहरात निसटले होते. सहा दिवसांनी राजाने लंडन सोडले. पुढे तो लंडनला परतला तो बंदी म्हणून. ११ जानेवारीला पाचही सभासद मिरवणुकीने परत आले. हॅम्पडेनच्या बकिंगहॅमशर परगण्यातून हजारो लोक अर्ज घेऊन आले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांनी ती छापील शपथ टोपीला लावली होती. कागद आता निशाणाचे काम करू लागला होता.

फेब्रुवारीच्या आरंभी लंडनमधील स्त्रियांनीही अर्ज आणला. त्यांत अग्रभागी एका मद्य उत्पादकाची पत्नी, अ‍ॅन स्टॅग होती. पिम स्वतः सभागृहाच्या दाराशी आला आणि त्याने त्यांचे आभार मानले. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्याही मागण्यासाठी संसदेचा नेता दारापर्यंत येतो, हा प्रसंग या चरित्रातील सर्वांत उजळ प्रसंग म्हणता येईल.

परंतु त्याच वर्षाची दुसरी बाजूही पाहा. डेरिंगने आपली भाषणे छापली तेव्हा संसदेने ते पुस्तक जल्लादाच्या हस्ते जाळवले आणि त्याला टॉवरच्या कैदेत टाकले. मार्चमध्ये केंट परगण्याच्या सभ्य गृहस्थांनी बिशप आणि जुनी प्रार्थनापद्धती यांच्या बाजूने अर्ज तयार केला. संसदेने तो गुन्हा मानला. एप्रिलच्या अखेरीस कवी रिचर्ड लव्हलेसने तोच अर्ज संसदेपुढे नेला आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली. आपल्या बाजूचा अर्ज म्हणजे जनतेची हाक आणि विरुद्ध बाजूचा अर्ज म्हणजे कट, हा न्याय येथे स्पष्ट दिसतो. पिम या न्यायापासून अलिप्त नव्हता. संसदेच्या बहुतेक निर्णयांमागे त्याचीच योजना होती.

कागदांची लढाई

मार्च १६४२ मध्ये संसदेने राजाच्या संमतीवाचून परगण्यांतील सैन्य आपल्या हाती घेणारा हुकूम काढला. चार्ल्सने यॉर्क येथे मुक्काम केला आणि राजमुद्रक रॉबर्ट बार्कर याचा छापखानाही तेथे आला. २७ मे रोजी राजाने संसदेचा हुकूम पाळू नये, असा जाहीरनामा काढला आणि स्वतःच्या अधिकारात सैन्य उभारण्याची आज्ञापत्रे पाठवली. उत्तराला प्रत्युत्तर आणि त्याला पुन्हा उत्तर, असा क्रम सुरू झाला. राजाची उत्तरे हाइड लंडनमध्ये राहूनच गुपचूप लिहीत असे. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून राजा स्वतः त्यांची नक्कल करून घेई. संसदेच्या कागदांमागे पिम आणि राजाच्या कागदांमागे हाइड, असा हा सामना होता. एके काळी स्ट्रॅफर्डविरुद्ध हे दोघे एकाच बाजूला होते, हे ध्यानात ठेवा.

गावच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाची अवस्था मनात आणा. त्याच्यापुढे दोन छापील हुकूम आहेत. दोन्हींत राजाचे नाव आहे, कारण संसदही राजाच्या रक्षणासाठीच लढत असल्याचे सांगत होती. दोन्हींत कायद्याचा आणि धर्माचा आधार आहे. एक पाळला तर दुसऱ्याच्या दृष्टीने तो राजद्रोही ठरतो. समेट करा, अशी विनवणी करणारे अर्जही अनेक परगण्यांतून दोन्ही बाजूंकडे गेले. त्यांना कोणी दाद दिली नाही.

२२ ऑगस्ट रोजी नॉटिंगहॅम येथे चार्ल्सने युद्धाचे निशाण उभारले. त्या वेळी वाचायचा जाहीरनामा त्याने ऐनवेळी मागून घेतला आणि गुडघ्यावर ठेवून त्यात खाडाखोड केली. घोषकाला तो धड वाचताही येईना. दोन महिन्यांनी एजहिल येथे पहिली मोठी लढाई झाली.

अखेर

युद्धाच्या पहिल्या वर्षी पिमने संसदेचा डोलारा सांभाळला. नवे कर बसवले आणि स्कॉटलंडशी करार घडवून आणला. जून १६४३ मध्ये संसदेने छपाईवर पुन्हा परवान्याचे बंधन घातले. त्याला विरोध करणारे मिल्टनचे प्रसिद्ध पत्रक पुढच्याच वर्षी निघाले. ते वाचायला पिम हयात नव्हता. ८ डिसेंबर १६४३ रोजी तो मरण पावला. संसदेने त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये सन्मानाने पुरले आणि त्याची कर्जे फेडण्याचे ठरवले. राजेशाही परतल्यावर १६६१ मध्ये त्याचे अवशेष उकरून बाहेर काढण्यात आले.

समारोप

पिमने राज्यकारभाराची चर्चा लोकांपर्यंत नेली, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. ज्यांना राजकारण ऐकण्याचाही हक्क नव्हता, ते सही करू लागले, वाचू लागले, दाराशी येऊन उभे राहिले. मात्र अर्जाला अर्थ येतो तो ऐकणाऱ्यामुळे. १६४२ च्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही बाजू लोकांशी बोलत होत्या आणि आपल्याला अनुकूल तेवढेच लोकांचे म्हणणे ऐकत होत्या. सह्यांची संख्या वाढत गेली, ऐकणारा मात्र उरला नाही. आरंभी दिलेल्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी शोधावे लागते. विरुद्ध मताचा अर्जही ज्या दारात स्वीकारला जातो, तेथेच छापील कागद लोकांचा आवाज ठरतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. महातक्रारपत्र छापण्यावरून झालेल्या वादातील दोन्ही बाजू तुमच्या शब्दांत मांडा.

२. लंडनच्या स्त्रियांचा अर्ज आणि केंट परगण्याचा अर्ज यांना संसदेने दिलेल्या वागणुकीची तुलना करा. तिच्यावरून पिमच्या भूमिकेविषयी तुमचे काय मत होते, ते सकारण लिहा.